गुंत्याची रेघ

बिरुदेवाची पहिली चपराक बसली तेव्हा कुमारचा चष्मा टॉवेलांच्या थप्पीत जाऊन पडला. दुसऱ्या चपराकीला ओठ फाटला. थप्पीतल्या वरच्या पांढऱ्या टॉवेलावर थेंब पडले आणि पसरत गेले.

"सकाळी माज्या भावाचं, येडूचं रगात असंच पडलं हितं," बिरुदेव म्हणाला. "कुणी पुसलं रं?"

कापणीच्या हॉलमधल्या बाया भिंतीला चिकटल्या. वॉचमन दाराशी कपाळ धरून बसला होता. बिरुदेवाची काठी त्याच्यावरच मोडली होती. मेंढरं रानात तशीच टाकून सांगोल्याहून आलेला माणूस. त्याच्या मनगटांना कोण आवरणार?

"दवाखान्यातनं येतोय." त्यानं कुमारच्या डोळ्यांपुढं आपला डावा पंजा धरला. "भावाची करंगळी हाय. मरंगळी हाय. मधलं बोट न्हाय. चाफेकळी न्हाय. पावा वाजवायचा त्यो. दोन भोकं उगडीच ऱ्हातील आता."

एरवी पुण्याची भाषा बोलणारा कुमार मार खाताना आपल्या केम गावचा झाला. "दादा, आईशप्पत! मशीन दुपारीच दुरुस्त केलंय. एआयनं मिन्टात केलं. समद्या चाचण्या पास हायेत!"

"मंग घाल की हात."

पात्याखाली हात दिसला की पात्यानं जागच्या जागी थांबायचं. हा नियम मशीनचा कोड सांभाळणाऱ्या कुमारनं आणि ऋतुजानं एआयकडून एकदाच लिहून घेतला होता. पुढं टॉवेलाचं माप बदललं की एआय नवा कोड लिहून द्यायचा, आणि जुना नियम वापरायचं सोडून त्याची नवी नक्कल करून ठेवायचा. कुठली नक्कल कुठं चालते, हे आता दोघांनाही सांगता येत नव्हतं.

म्हणून तर ऋतुजानं भिंतीवरच्या टीव्हीवर लाल रेघ लावली होती. गुंत्याची रेघ. कोडची वीण विस्कटू लागली की ती वर चढायची. हद्द ओलांडली की आपोआप अडसर पडायचा, आणि नवं लिहिलेलं काहीही मशीनपर्यंत पोचायचं नाही.

बिरुदेवानं कुमारला मानगुटीला धरून मशीनपाशी ओढलं. हिरवं बटण त्यानं कुमारच्याच कपाळानं दाबलं. पातं पडू लागलं. खट्. खट्.

"अडसर मी न्हाय काढला!" कुमार किंचाळला. "काल हिनं काढला. ऋतुजानं! तिला इचारा!"

सगळ्या बायांच्या माना ऋतुजाकडं वळल्या.

"तूच म्हणालास," ती पुटपुटली. "आजच्या दिवस काढ म्हणालास. माल जायचाय म्हणालास."

"पण बटण दाबणारं बोट तुजं हुतं की!"

"भांडणं नंतर करा," बिरुदेव म्हणाला. त्यानं कुमारचं मनगट पिरगाळलं आणि पात्याकडं रेटलं. "मूठ उगड. उगड म्हंतो न्हवं?"

कुमारनं ऋतुजाकडं पाहिलं. ऋतुजानं भिंतीकडं. दुपारच्या दुरुस्तीनं रेघ खाली उतरायला हवी होती. ती आणखी वर गेली होती. एआयनं जुन्या नियमाला हातच लावला नव्हता. त्याच्या शेजारी अजून एक नक्कल लिहून ठेवली होती.

"नका घालू!" ती ओरडली. "दादा, थांबणार नाही ते!"

खट्.

ओढाताणीत फाटून मुठीपुढं लोंबणारी बाही कापली गेली. चिंधी खाली पडली. हात दिसताच मशीनवरचा दिवा लाल व्हायला हवा होता. हिरवाच राहिला. बिरुदेवानं ते पाहिलं, आणि त्याच्या गळ्यातून जनावरासारखा आवाज निघाला. त्यानं कुमारचा हात कोपरापर्यंत आत लोटला.

ऋतुजा धावली. मशीनच्या कडेला एक लाल बटण होतं. ते कोडला विचारत नाही, थेट वीज तोडतं. तिनं त्यावर बोट रोवलं.

पातं कुमारच्या हातावरची लव शिवून थांबलं.

बिरुदेवाची पकड सुटली. कुमार हात पोटाशी घेऊन फरशीवर घसरला, थंडीतल्या कोकरागत अंगाचं मुटकुळं करून. कुणी त्याला उचललं नाही.

बिरुदेव ऋतुजाच्या हाताकडं बघत राहिला. तिचं बोट अजून लाल बटणावर रुतलेलं होतं. नख पांढरं पडलं होतं.

"हीच चाफेकळी काल कुटं हुती गं, बाई?" त्यानं विचारलं. आवाज खाली आला होता, घरातल्या लेकीशी बोलावं तसा.

ऋतुजाला बोट उचलवेना.