इकडचा मजला, तिकडचा मजला

"फोन नका करू, बाई," इंजिनिअर म्हणाला. "रुग्णवाहिका केंद्राला पोचलंय."

अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षातल्या ऑपरेटर बाईंचा हात सवयीने रिसीव्हरवर गेला होता. धुरात अडकलेल्या मायलेकींचा पत्ता त्यांनी नुकताच टाइप केला होता. समोरच्या पडद्यावर रुग्णवाहिका निघालीसुद्धा होती.

कालपर्यंत असं नव्हतं. इथलं सॉफ्टवेअर तळमजल्याला शून्य धरायचं, रुग्णवाहिका केंद्रातलं एक. इथला तिसरा तो तिथला चौथा. गाड्या भलत्याच दारात जायला नकोत, म्हणून दरवेळी बाई तिथल्या ऑपरेटरला फोन करून सगळं तोंडी सांगायच्या. त्या ऑपरेटरना बाई दादा म्हणत. वर्षानुवर्षं बोलणं रोजचं, पण एकमेकांचं तोंड कधी पाहिलेलं नाही. काम उरकलं की दादा विचारायचे, "जेवलात का, ताई?" हे विचारणारं दुसरं कोणी नव्हतं.

"आता दोन्हीकडे एकच आराखडा," इंजिनिअर खुशीत सांगत होता. "दोन्ही सॉफ्टवेअर त्याच्यावरूनच तयार केलीत. मजला म्हणजे काय, पत्ता म्हणजे काय, एकदाच ठरवून टाकलं. इकडचा मजला तोच तिकडचा मजला. मध्ये माणूस नकोच."

थोड्या वेळाने वायरलेसवर निरोप आला. मायलेकी सुखरूप होत्या, ऑक्सिजन वेळेत मिळाला होता. कक्षात टाळ्या वाजल्या. बाईंनीही वाजवल्या, अगदी मनापासून.

मग दिवसभर एकेक निरोप आपला आपणच जात राहिला. दुपारी बाईंनी डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि झाकण लावलं. मध्येच रिसीव्हर कानाला लावून पाहिला. फोन चालू होता.

ड्यूटी संपल्यावर पर्स खांद्याला अडकवून त्या उठल्या. दोन पावलं गेल्या, परत आल्या आणि उभ्यानेच नंबर फिरवला.

"बोला ताई!" पहिल्याच घंटीला दादांनी उचलला. "काय, यंत्रणा बंद पडली का?"

"नाही हो. छान चाललीय."

"मग?"

"एक पत्ता लिहून घ्या."

बाईंनी स्वतःच्या घराचा पत्ता सांगितला. दादांनी तो नेहमीसारखा मोठ्याने म्हणून दाखवला.

"आत माणसं किती?"

"एकच."

"शुद्धीवर आहे?"

"आहे," बाई म्हणाल्या. "घाई नाही, दादा. सवडीने या."