पत्र्यावरची आत्या

बाळांनो, जरा माझ्याबरोबर एका खोलीत चला. आत शाईचा आणि रॉकेलचा वास भरलाय. मधोमध लोखंडी छापयंत्र आहे, त्याचं चाक तुमच्याहून उंच. शेजारच्या टेबलावर तांब्याचा एक पत्रा आहे. वाकून बघा. त्यावर एका बाईचा चेहरा कोरलाय, डोळे मिटलेला. हा ठमीच्या आत्याचा चेहरा. भीती वाटली? ठमीलाही वाटली, आणि तिची आत्या तर तिच्या शेजारीच उभी होती.

ही आत्या मरणाची चित्रं जमवायची. लोक शंखशिंपले जमवतात ना, तशी. आजच्याच चित्रकारांची, मोजक्याच प्रती छापलेली चित्रं: रिकामी खाट, पाखराचा सांगाडा, खुर्चीवर राहून गेलेला चष्मा. आत्याकडे गेलं की ती चित्रं टांगलेला घरातला बोळ ठमी डोळे मिटून पळत ओलांडायची. भिंतीवर आता एकच जागा उरली होती. तिथे स्वतःलाच लावायचं, असं आत्याने ठरवलं होतं. परवा तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती.

तो चेहरा कोरणाऱ्या चित्रकारबाईंनी त्याची शेवटची प्रत अलगद उचलून वाळत घातली. दहा काढायच्या ठरल्या होत्या, दहा झाल्या. मग त्यांनी एक टोकदार सळई आत्याच्या हातात दिली. त्यांच्यात रिवाजच तसा. ठरलेल्या प्रती निघाल्या की पत्र्यावर खोल रेघ ओढून तो बाद करायचा, म्हणजे मागाहून कुणी चोरून अकरावी काढू शकत नाही. आणि रेघ चेहऱ्यावरूनच जायला हवी.

ठमीने पत्र्यावर पंजा दाबून धरला. शाई अजून ओली होती.

तिच्या वर्गातली एक मुलगी गाव सोडून गेली, तेव्हा शाळेतल्या बाईंनी हजेरीपटात तिच्या नावावर अशीच रेघ मारली होती. ती मुलगी पुन्हा कधी दिसली नाही. ठमीने हे कुणाला सांगितलं नाही. ती नुसती 'नाही, नाही' अशी मान हलवत राहिली.

अगं वेडाबाई, रेघ पत्र्यावर मारायची आहे, आत्यावर थोडीच, असं चित्रकारबाईंनी समजावलं. बाकीच्या नऊ प्रती ज्यांनी घेतल्या, त्यांना दिलेला शब्द पाळायला नको का, असं आत्याने विचारलं. ठमीला त्या शब्दाशी काही देणंघेणं नव्हतं.

"थोड्याच का काढतात?" ती म्हणाली.

"थोड्या असल्या की माणूस जपतो."

"आणि तू? तुझ्या किती आहेत?"

आत्या हसायला गेली, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "माझी पहिलीच शेवटची गं."

तेवढ्यात सळई टेबलाच्या कडेवर टकटक वाजायला लागली. आत्या मुद्दाम वाजवतेय, असं ठमीला वाटलं. मग तिने हाताकडे पाहिलं. हात लटलट कापत होता. इतकी चित्रं जमवणारी, त्यांच्यासमोर बसून निवांत चहा पिणारी आत्या भ्यायली होती. ठमीहूनही जास्त.

"तुम्हीच ओढा," आत्या चित्रकारबाईंना म्हणाली. बाई खिडकीकडे बघू लागल्या.

ठमीने पंजा उचलला. तो काळाकुट्ट झाला होता. तोच तिने आत्याच्या मुठीवर ठेवला.

"डोळे मिटू नकोस हं," ती म्हणाली.

दोघींनी मिळून रेघ ओढली. तांबं किंचाळल्यासारखं वाजलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत लखलखीत ओरखडा उमटला.

ठमीने पत्र्याकडे पाहिलंच नाही. टाचा उंचावून तिने आत्याचा चेहरा चाचपला. कपाळ, गाल, हनुवटी. चेहरा उबदार होता. पण जिथून बोट फिरलं, तिथे काळी रेघ उठली.  ती बघताच ठमीने फ्रॉकचं टोक जिभेने ओलं केलं आणि आत्याचा गाल पुसायला लागली. रेघ पसरत गेली. ठमी पुसत राहिली.