आधी सेव्ह, मग बंद

"पुन्हा पिवळा लागला," ती म्हणाली.

साहेबांनी मान वर केली नाही. सर्व्हरवरचा तो दिवा चार दिवसांपासून लागत होता आणि विझत होता. हॉस्पिटलची सगळी यंत्रं याच सर्व्हरच्या तोंडाकडे बघून चालत. कुठल्या पेशंटला कुठलं औषध किती, ते पंपांनाही तोच सांगे.

"मेमरीची चूक ना? अगं, तो ती आपली आपण दुरुस्त करतो. पिवळा म्हणजे केली दुरुस्त. उगाच बाऊ करू नकोस."

"एखादी असली तर करतो, साहेब. एकदम जास्त झाल्या की त्याला चुकलंय हेच कळत नाही. बरोबर समजून पुढे ढकलतो."

"आणि आजच का एवढी घाई?"

"आज माझी भाची आत जातेय."

आता साहेबांनी मान वर केली. भाची पाच वर्षांची. टॉन्सिलचं साधं ऑपरेशन, पण ताईने आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं. ताईला निदान धास्ती कशाची ते माहीत नव्हतं. मावशीला पक्कं माहीत होतं. भुलीचा पंप वजनावरून औषध सोडतो, आणि वजन सर्व्हरला विचारतो. तिचा जीव टांगणीला लागला होता.

"बदल मग मेमरी," साहेब म्हणाले. "पण रीतसर. आधी सेव्ह, मग बंद. पेशंटची एक ओळ जरी गेली, तरी तुझी खैर नाही."

हे तिला सांगायची गरज नव्हती. घाईत बटण दाबून दिवसभराची माहिती घालवणारे महाभाग तिने पाहिले होते. मेमरीत होतं नव्हतं ते सगळं तिने डिस्कवर उतरवलं. डिस्कवरच्या जुन्या प्रतीवर मेमरीतली ताजी प्रत जशीच्या तशी चढली. मध्येच पिवळा दिवा भराभर लुकलुकला.

"ओरड हवं तेवढं," ती पुटपुटली. "तुझे आता थोडेच क्षण राहिलेत."

मग तिने मशिन बंद केलं, झाकण काढलं, मेमरीची खराब पट्टी उपसली आणि नवी पट्टी खट्‌कन आवाज येईपर्यंत दाबून बसवली. मशिन सुरू झालं. चाचणी पहिल्या फटक्यात पार पडली आणि दिवा हिरवा झाला. साहेबांनी चक्क "शाबास" म्हटलं. ते आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

ती धावतच वर गेली. ताई ऑपरेशन थिएटरच्या दाराशी उभी होती. कडेवरच्या पोरीचे पाय हवेत हलत होते.

"मावशी, मला आईस्क्रीम देणार आहेत नंतर!"

"मलाही अर्धं ठेव हं."

ताईने तिचा दंड घट्ट धरला. "काल म्हणत होतीस मशिन बिघडलंय. खरं सांग, आता ठीक आहे ना?"

"मी स्वतः बदललंय, ताई. आता ते चुकणार नाही. जे दिलंय ते जसंच्या तसं सांभाळेल."

"बघ हं. तुझ्या भरवशावर सोडतेय पोरीला."

ताईला टेबलापर्यंत जाऊ दिलं. दार लोटलं गेलं. मावशी बाकावर टेकली. कितीतरी दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला. अशा मशिनचं बरं असतं, तिला वाटलं, दुखणं सापडलं की संपलं. माणसांचं तसं नसतं.

थोड्या वेळाने ताई बाहेर आली. दारावरचा लाल दिवा लागला. ताई डोळे पुसत होती आणि हसतही होती.

"झोपली गं. दहापर्यंत मोजते म्हणाली आणि तीनवरच डोळे मिटले." ती बाकावर बसली. "मी मेली घाबरट, जाता जाता त्या पंपावर बघितलं, तर वजन पन्नास किलो! ओरडणारच होते, पण म्हटलं, मशिन तू बदललंयस, त्यांचं काहीतरी वेगळं माप असेल."