रुमालाखालचा गुंता

स्वप्नालीनं डोक्यावरचा रेशमी रुमाल आणखी घट्ट आवळला आणि मानेमागून आत बोट घालून चाचपलं. गुंता तिथंच होता. काल बोराएवढा होता, आज लिंबाएवढा लागला. उद्या शुक्रवार होता आणि बायका येणार होत्या.

केस तिचे जन्माचे कुरळे. महाद्वार रोडवरच्या साडीच्या दुकानात ती काउंटरला होती. तिथल्या निशानं तिला सांगितलं होतं, सुती उशीवर असले केस घासतात, झोपताना रेशीम बांध. मग एका जुन्या साडीच्या पदराचा हा मोरपंखी रुमाल झाला. रात्री तो केस राखायचा आणि दिवसा अंबाड्याभोवती मिरवायचा. गिऱ्हाइकं साड्या सोडून रुमालाचीच चौकशी करायची. पुढं डेंग्यू झाला. अंथरुणात ना कंगवा लागला, ना रुमाल. ताप उतरला तेव्हा मानेवर हा गुंता होऊन बसला होता. दुसऱ्या कुठल्या घरात तेल चोपडून सोडवला असता. या घरात त्याला जट म्हणायचे.

कारण तिच्या सासूला, हौसाबाईंना, ऐन तरुणपणी जट आली होती. आता ती कमरेखाली लोंबत होती, दोरखंडासारखी जाड. दर शुक्रवारी गल्लीतल्या बायका यायच्या, जटेला हळद-कुंकू वाहायच्या, पाया पडायच्या. हौसाबाई भिंतीला टेकून, मानेखाली हात धरून बसायच्या. बायका म्हणायच्या, देवीचा भार हाय. जिला जट आली ती देवीची. तिच्या केसाला कंगवा नाही, कातरी नाही. तिनं परडी घेऊन जोगवा मागायचा. साडीच्या काउंटरला तिला कोण उभं करणार?

आणि जट कापली तर घरधनी जातो, हे गल्लीतलं शेंबडं पोरगंही सांगायचं.

स्वप्नाली बी.कॉम. झालेली. असल्या गोष्टींवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. तरी सकाळी नवरा, सूरज, टेम्पो घेऊन हुपरीला निघाला, त्याच्या पाठीकडं बघताना तिनं हातातली कातरी परत डब्यात ठेवली. स्वतःचीच चीड आली तिला. सूरजला मात्र यातलं काही माहीत नव्हतं. ‘उकाड्यात रुमाल कशाला?’ एवढं त्यानं विचारलं होतं. ‘फॅशन,’ ती म्हणाली, आणि त्याला पटलं. नवऱ्यांना अशा गोष्टी लगेच पटतात.

सासूला पटत नव्हतं. घर दोन खोल्यांचं. हौसाबाईंची नजर चार दिवस त्या रुमालावरच होती. स्वप्नाली न्हाणीत गेली तरी दाराबाहेर त्यांची चाहूल लागायची. मानेमागं स्वतःचा हात नीट चालत नाही, आणि मदतीला हाक मारावी असं माणूस घरात नव्हतं.

दुपारी हौसाबाई उठल्या. त्यांनी बाहेरचं दार लावून कडी घातली. देवळीतलं तबक पदराखाली घेतलं आणि सुनेसमोर येऊन बसल्या.

“सोड त्यो रुमाल.”

“आत्ती, डोकं दुखतंय माझं.”

“सोड म्हंतीया न्हवं!”

स्वप्नालीनं दोन्ही हातांनी रुमाल धरला. हौसाबाईंनी तो मागून ओढून काढला. गुंता हाताला लागताच त्यांची बोटं थांबली. स्वप्नालीला रडू फुटलं. आता हळद लागणार. उद्या बायका पाया पडणार. परवा दुकानाला निरोप जाणार. तिनं डोळे गच्च मिटले.

मानेवर काहीतरी गार ओघळलं. हळद नव्हती, खोबरेल होतं.

तिनं वळून बघितलं. तबकात तेलाची वाटी होती आणि सूरजचा जाड दातांचा कंगवा.

“हलू नगंस,” हौसाबाई म्हणाल्या. “ह्येवढीच हुती माजी बी. बाळंतपणात झाल्याली. तेलानं सुटली असती. पर सासूनं हळद लावली आन् दुसऱ्या दिवशी गल्ली पाया पडाय आली. पाया पडणाऱ्या बायकांस्नी कंगवा कसा मागायचा गं?”

हौसाबाई टोकाकडून एकेक केस मोकळा करत राहिल्या. दुखत होतं, तरी स्वप्नाली मान पुढं धरून बसली होती. बऱ्याच वेळानं तिनं भीत भीत विचारलं, “आत्ती, ह्यांना काय झालं तर?”

कंगवा थांबला.

“म्या तर कवा कापली न्हाय,” हौसाबाई म्हणाल्या. “मग तुजा सासरा कसा गेला?”

कंगवा पुन्हा चालू लागला. शेवटी तो मुळापासून टोकापर्यंत सरळ उतरला आणि केस पाठीवर मोकळे पडले. स्वप्नालीनं त्यातून बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. मग तिनं सवयीनं रुमाल उचलला आणि बांधायला घेतला.

हौसाबाईंनी तिचा हात धरला. रुमाल काढून घेऊन मांडीवर पसरला, त्याच्यावरून तळवा फिरवला. मग उठून डब्यातली कातरी आणली, सुनेच्या हातात दिली आणि तिच्याकडं पाठ करून बसल्या.

“मान लई दुखती गं,” त्या म्हणाल्या. “काप, आन् बायका यायच्या आत ह्यो रुमाल मला बांध.”