नुसती पानं

“किशनरावांकडच्या पाकिटात गांजाची फुलं होती?” हैदराबादच्या कोर्टात बचावाच्या वकिलांनी विचारलं. “नाही, नुसती पानं,” सरकारी प्रयोगशाळेतली चारुलता म्हणाली. “कायद्यानं नुसती पानं म्हणजे गांजा नव्हे. मग अहवालात का नाही लिहिलंत?” “फॉर्ममध्ये अंमली घटक आहे का, एवढंच विचारलं होतं. मी अचूक उत्तर दिलं.” तिच्या अहवालात आजवर चूक निघाली नव्हती. गुडघेदुखीच्या तेलासाठी पानं बाळगणारे किशनराव दोन वर्षांच्या कैदेनंतर सुटले. व्हरांड्यात दोन तरुण वकिलांचा दखनीत वाद रंगला होता; एक दुसऱ्याला खुळ्यात काढत होता. “अरे हौले, दारू चलती, गांजा नक्को? कानूनच बदलो!” घाईनं निघालेल्या चारुलताला किशनरावांच्या बायकोनं अडवलं. “मॅडम, नवा कायदा येईल तेव्हा येईल. जुन्या कायद्यातच हे सुटत होते की!” चारुलतानं घड्याळ पाहिलं. “मला तेवढंच विचारलं होतं, मावशी.” “अन् तुम्हाला ठाऊकही तेवढंच होतं?”