पुढची ओळ

दुष्काळाच्या पुढच्या वर्षी बीएस्सी झालेली बेकार विमल भवानी पेठेत विडी वळणाऱ्या बायकांना कविता वाचून दाखवू लागली. ऐकता ऐकता हात थबकले, विड्या सैल राहिल्या; कारखान्यानं त्या खराब म्हणून छाटून टाकल्या. “तुझ्या कवितेनं हात थांबत्यात. उद्यापासनं पुस्तक बंद,” त्या बायकांतलीच तिची आई नागूबाई म्हणाली. विमल दिवसभर बायकांचे हात पाहत बसली: पान, तंबाखू, वळण, दोरा, विडी सुपात. त्याच ठेक्यावर ओळ रचली आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक न उघडता म्हटली, “पान वळते, दोरा बांधते, सूप भरते माय...” पुढचं सुचेना. “म्हण की पुढं!” बायका वळता वळताच म्हणाल्या. मान खाली घालूनच नागूबाई बोलली, “सूप रितं हुतंय सांजंला, मनात उरतंय काय?” सगळ्यांचे हात थांबले. “बघताय काय गं? वळा की!” नागूबाई खेकसली. तिच्याच हातातली विडी दोऱ्याविना उलगडत होती.