मेरिबेथचं घरटं

"फक्त लांबून ऐका, मिस लॉर्ना. घरट्याजवळ नका जाऊ... अर्थात, हे तुम्हाला मी काय सांगायचं!" मेरिबेथनं अँटेना तिच्या हातात दिला आणि ठणकती दाढ दाबत ती डॉक्टरकडे निघून गेली.

लॉर्ना टॅकेट मिसुरीच्या या डोंगरांत अठरा वसंत रानटर्की पक्ष्यांच्या मागावर होती. माद्या पकडायच्या, पाठीवर ट्रान्समीटर बांधायचा, कुठे अंडी घालतात, किती पिल्लं जगतात ते टिपायचं. यंदा तिच्या देखरेखीखालची सहाही घरटी रॅकून आणि सापांनी फस्त केली. उरलं एकच, ते या पोरीचं. पोरीचं पहिलंच वर्ष. आणि या अभ्यासाचे प्रमुख प्राध्यापक सगळ्यांदेखत म्हणाले होते, "हिला उपजत नजर आहे." लॉर्नाच्या नजरेबद्दल कधी कुणी चकार शब्द काढला नव्हता.

मादीच्या ट्रान्समीटरचे ठोके एकाच जागेवरून येत होते. मादी बसलेली होती. तेवढं वहीत लिहून परतायचं होतं.

ती परतली नाही. नुसतं बघून येऊ, तिनं मनाशी म्हटलं. पडलेल्या ओकच्या आडोशाला वाळक्या पानांच्या रंगाची पाठ दिसली. मादीनं मान ताठ केली. आता जागच्या जागी थांबायचं, हे लॉर्नाला झोपेतही कळलं असतं. तरी तिनं पुढचं पाऊल टाकलं.

मोठा फडफडाट झाला. मादी उतारावरून दिसेनाशी झाली.

पानांत अकरा अंडी होती. एकाला बारीक तडा गेलेला, आतून चिवचिव येत होती.

"अगं, काय केलंस हे?" लॉर्ना स्वतःलाच म्हणाली.

ती मागे सरली, दोनशे पावलांवर एका खडकावर जाऊन बसली. दुपारी गार पाऊस सुरू झाला. अंगातला कोट काढून अंड्यांवर घालावा, असं तिला तीनदा वाटलं. पण पुन्हा तिथे माणूस दिसलं तर मादी कायमची गेली असती. ठोके खालच्या ओढ्याकडून येत राहिले. चारच्या सुमाराला ते जवळ आले, पुन्हा लांब गेले. साडेपाचला घरट्यावर स्थिरावले. लॉर्ना उठली तेव्हा तिची बोटं वळत नव्हती.

तिसऱ्या दिवशी ठोके दरीकडे सरकले. दोघी घरट्यापाशी गेल्या. मेरिबेथ गुडघ्यांवर बसून टरफलं मोजू लागली.

"नऊ! मिस लॉर्ना, नऊ पिल्लं निघालीत! दोनच राहिली." तिनं वर पाहिलं. "त्या दिवशी मादी सकाळीच उठून गेली, हे तुमच्या वहीत वाचलं मी. तरी त्या पावसात तुम्ही दिवसभर बसून राहिलात. प्राध्यापकांना सांगितलं, तर म्हणाले, लॉर्नासारखं माणूस शोधून सापडायचं नाही."

लॉर्नानं न फुटलेलं एक अंडं उचललं. ते गार आणि जड होतं.

"तुम्ही होतात म्हणून ही पिल्लं वाचली हो," मेरिबेथ लिहिता लिहिता म्हणाली.

"मी नसते," लॉर्ना म्हणाली, "तर अकरा निघाली असती."

मेरिबेथची पेन्सिल थांबली.